मुंबई ते न्यूअर्क: अंतर तेच, मग जाताना १६ तास आणि येताना १४ का?

तुमच्या आई-बाबांच्या जूनच्या तिकिटावर रात्री १:३० ला मुंबईहून निघून त्याच दिवशी सकाळी ८ ला न्यूअर्क (न्यूयॉर्कला लागूनचा विमानतळ) असं छापलंय. जाताना १६ तास, येताना १४, आणि नकाशावर अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. यातलं धरायचं काय, हा तुमचा प्रश्न. आकडे सगळे बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

आधी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा अरबस्तान-आफ्रिकेकडे जातच नाही. तो उत्तरेला अफगाणिस्तान, रशिया करत थेट आइसलँडवर चढतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो. हेच ते १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तर ती वाट १४,२०० च्या आसपास भरते!

पण विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना. म्हणजे वळसा आला. तो कंपनीनुसार बदलतो, म्हणून मी हिशेबाला १३,००० धरते.

आता वारा. विमान उडतं त्या १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा वेग ताशी ९००. जाताना सरासरी ६० चा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशेबाने उरले ८४०, म्हणजे साडेपंधरा तास. येताना तोच वारा पाठीशी, ९६०, म्हणजे साडेतेरा. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा अर्धा तास मिळवा, की झाले तुमचे १६ आणि १४. हिवाळ्यात हे वारे आणखी जोर धरतात, तेव्हा फरक वाढू शकतो.

सकाळी ८ चं कोडं घड्याळाचं आहे. दीडला निघून १६ तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच होतात. उन्हाळ्यात न्यूअर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणून तिथे ८. नोव्हेंबर ते मार्च हाच फरक साडेदहा तासांचा होतो. तुमचा भाऊ आई-बाबांना न्यायला येणार ना? त्याला अंतर सांगूच नका, उतरण्याची स्थानिक वेळ सांगा, आणि इमिग्रेशन व सामानाचे दीड-दोन तास वर धरायला सांगा.

आणि एक कळकळीने सांगते, बाबांना मनगटावरचं घड्याळ प्रवासात बदलू देऊ नका. माझ्या आईची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी ८ ची. विमानात दिवे बंद, खिडक्या बंद, शेजारचे सगळे झोपलेले, समोरच्या पडद्यावर न्यूअर्कचे रात्रीचे साडेदहा. पडद्याकडे बघून तिला वाटलं, सकाळ व्हायला अजून वेळ आहे. मग तिने मनगटाकडे पाहिलं आणि पर्समधून गोळीची पट्टी काढली.