वाचकांचे प्रश्न : मराठीच्या वर्गासाठी नाटक की चित्रपट?

प्रश्न : मी नाशिकच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. 2020 च्या कायद्याने विषय सक्तीचा झाला असला, तरी वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी किंवा गुजराती बोलली जाते आणि मराठी त्यांच्या कानांवर पडते ती जवळजवळ माझ्या तासापुरतीच. मुख्याध्यापकांनी वर्षाकाठी एकाच सहलीला परवानगी दिली आहे. मुलांचा कल मल्टिप्लेक्सकडे, माझा नाटकाकडे. काय करावे?

उत्तर : नाटकच दाखवावे. चित्रपटात कॅमेरा आणि पार्श्वसंगीत इतके काही सांगून जातात की संवाद अर्धामुर्धा कळला तरी गोष्ट समजते. त्यातून खाली इंग्रजी उपशीर्षके असली, तर मुले ती वाचत बसतात आणि मराठी ऐकायचे राहूनच जाते. रंगमंचावर बहुतेक सारे बोलण्यातूनच पोहोचवावे लागते, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जावे म्हणून चांगला नट वाक्याचा शेवट गिळत नाही.

नाटक कोणते, हे मात्र जपून ठरवावे. कोट्यांवर आणि ताज्या राजकीय टोमण्यांवर चालणारे विनोदी नाटक टाळावे, कारण सारे सभागृह हसत असताना आपली मुले एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. देवलांचे ‘संगीत शारदा’ (1899) थोर खरे, पण त्यातली पदे आणि त्या काळची बोली पहिल्याच भेटीत या मुलांना पेलणार नाही. आजच्या घरात घडणारे, चार-पाच पात्रांचे आणि ज्याची संहिता छापील मिळते असे दोन अंकी नाटक निवडावे, आणि जाहिरातीवर विसंबून न राहता शक्य असल्यास एक प्रयोग आपण स्वतः आधी पाहून यावा.

प्रयोगाच्या आठवड्यात पहिल्या अंकातला एखादा प्रवेश वर्गात पात्रे वाटून मोठ्याने वाचून घ्यावा. शेवट सांगू नये. नाट्यगृहात मुलांना प्रश्नावली देण्याचा मोहही टाळावा, कारण अंधारात कोणी लिहू शकत नाही. त्याऐवजी एकच काम द्यावे : कोण कोणाला ‘अहो’ म्हणतो, कोण ‘अगं’ म्हणतो, आणि ‘तुम्ही’ म्हणणारे माणूस चिडल्यावर ‘तू’वर येते का, एवढेच ऐकून ठेवायचे. पाठ्यपुस्तकातल्या सर्वनामांच्या तक्त्यातून जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते सासू-सुनेच्या एका भांडणातून उतरते. दुसऱ्या दिवशी तोच प्रवेश मुलांकडून आठवेल तसा करून घ्यावा आणि मग संहितेशी ताडून पाहावा. ‘मी पाहिलेले नाटक’ हा निबंध कृपया लिहायला लावू नये.

व्यवहाराचे थोडेसे. नाशिकला व्यावसायिक नाटके बहुधा दौऱ्यावर येतात, तेव्हा तारीख शाळा ठरवू शकत नाही. कालिदास कलामंदिरात कोणते प्रयोग लागणार आहेत यावर लक्ष ठेवून स्थानिक व्यवस्थापकाशी लवकर बोलावे आणि एकगठ्ठा तिकिटांना सवलत मिळते का, ते विचारावे. बाल्कनी स्वस्त पडली तरी घेऊ नये, कारण तिथे शब्द विरळ होऊन पोहोचतो. तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी मुले जागेवर बसलेली असावीत.

प्रश्न : चित्रपट तर घरीही पाहता येतो, मग शाळेने त्यासाठी पैसे का मागावेत? (एक पालक)

उत्तर : आपले म्हणणे पटते. भाषेच्या दृष्टीने मल्टिप्लेक्सची सहल सर्वांत कमी उपयोगाची, कारण तिथे चित्रपट थांबवता येत नाही. वर्गात मात्र तोच चित्रपट सोन्यासारखा आहे. पंढरपुरात घडणाऱ्या ‘एलिझाबेथ एकादशी’तला (2014) मुलांच्या बोलण्याचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा एकदा नुसता, एकदा उपशीर्षकांसह आणि मग पुन्हा उपशीर्षके काढून दाखवला, तर तिसऱ्या वेळी मुले वाक्ये आधीच म्हणू लागतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून असे दाखवण्यास मुभा आहे. प्रेक्षक मात्र विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. प्रत अधिकृत असावी, आणि प्रमाणपत्रावर यू आहे, यूए 7+ आहे की यूए 13+, हे शिक्षकांनी आधी पाहून घ्यावे.