मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी इमारती स्वतः बनवाव्यात की तयार घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नात मांडणी पुरेशी स्पष्ट आहे: एचओ स्केल (खऱ्याच्या 1:87 माप), दरवाजाएवढा बोर्ड, वळणावर एक स्टेशन, त्याला लागून मालधक्का, टोकाला इंजिन शेड आणि मागे थोडी घरं. पुठ्ठा कापता येतो, पण इमारत कधी बनवलेली नाही. मग सगळं तयारच आणावं का, असं तुम्ही विचारलंय; घेतलेलं आणि बनवलेलं शेजारी शेजारी परकं दिसेल अशी भीतीही बोलून दाखवलीय. माझं मत असं: जे रुळाला खेटून उभं राहणार ते स्वतः बनवा, जे रुळापासून लांब आहे ते विकत घ्या. हातात कसब किती आहे हा मुद्दा त्यानंतरचा.

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. गावातलं एखादं टुमदार घर हौसेने बनवायला घेतात आणि स्टेशन मात्र अवघड असेल म्हणून खोक्यातून काढून बसवतात. पण घर कुठेही बसतं. चार सेंटीमीटर सरकवलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. फलाटाला ती मुभा नाही. तुमचं वळण ज्या त्रिज्येचं आहे, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा) जिथून सुरू होतात, दोन रुळांमध्ये जितकं अंतर सोडलंय, त्यातच त्याला बसावं लागतं आणि ही मापं कुठल्याच कारखान्याला ठाऊक नसतात. तयार फलाट एक तर सरळ मिळतात, नाहीतर त्या त्या कंपनीच्या ठरावीक वळणाला जुळणारे. मग फलाट बसावा म्हणून लोक रूळ बदलतात. नव्वद टक्के लेआउट मनासारखा झालेला असताना एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी रूळ उखडणं मला पटत नाही.

वळणावरचा फलाट बनवायला इमारतकाम यावं लागत नाही. लांब डबा वळणावर गेला की त्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर फेकली जातात. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या. त्याच्या बाजूला मधोमध एक आणि टोकाला एक असे पेन्सिलीचे तुकडे टेपने चिकटवा, रुळाशेजारी कागद पसरा आणि डबा हाताने हळूहळू ढकलत न्या. फलाट वळणाच्या आत असेल तर मधल्या पेन्सिलीची रेघ धरा, बाहेर असेल तर टोकाच्या पेन्सिलीची. त्या रेघेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे फलाटाची कड. नंतर सगळी इंजिनंही फिरवून बघा, कारण वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बरेच बाहेर आलेले आणि खाली असतात, म्हणजे नेमके फलाटाच्या कडेशी. कागदावरचा आकार जाड पुठ्ठ्यावर उतरवला की अर्धं काम झालं.

लांबीच्या बाबतीत मात्र मन घट्ट करावं लागेल. खरा 400 मीटरचा फलाट एचओमध्ये, म्हणजे 1:87 मध्ये, साडेचार मीटरच्या वर जातो. 26.4 मीटरचा युरोपीय डबा 30 सेंटीमीटरचा होतो, तेव्हा दरवाजाएवढ्या बोर्डवर तीन डबे उभे राहिले तरी खूप झालं. इमारतीचंही तेच: सात कमानींच्या जागी चार, दोन जिन्यांच्या जागी एक. लांबी छाटा, पण दारं, खिडक्या आणि मजल्याची उंची छाटू नका. डोळा इमारतीचं माप दारावरून घेतो. 2.1 मीटरचं दार एचओमध्ये 24 मिलिमीटर येतं. तेवढं पाळलं तर कमानी किती गळल्या हे कुणी मोजत बसत नाही.

मालधक्का स्वतः बनवायचं कारण उंची. त्याचा ओटा वाघिणीच्या (मालडब्याच्या) तळाशी जुळायला हवा. तयार मालधक्का रूळ थेट बोर्डवर आहेत असं धरून केलेला असतो; तुमचे रूळ कॉर्कच्या पट्टीवर असतील तर ते तीन ते पाच मिलिमीटर वर आलेले असतात. मग ओटा तेवढाच खाली राहतो आणि हमालाला पोतं वर उचलून द्यावं लागेल असा देखावा तयार होतो. पुठ्ठ्याचे दोन थर देऊन हे भागतं, पण मग खालचा पाया तरी तुम्ही बनवलाच की.

इंजिन शेडपाशी मी माझाच नियम वाकवतो. शेड सरळ रुळावर असेल तर किट, म्हणजे सुटे भाग जोडून इमारत करायचा संच, खुशाल घ्या. पन्हळी पत्रे, धुराडी, लोखंडी कैच्या (छपराखालचे त्रिकोणी सांगाडे) हे किटमध्ये इतकं नेटकं येतं की हाताने करण्यात हशील नाही. फक्त दाराच्या आधी एका इंजिनाच्या लांबीइतका तरी रूळ सरळ हवा. वळणावरून थेट आत शिरणारं इंजिन दाराच्या चौकटीला घासतं. आतली जमीन आणि इंजिन खालून तपासायचा खड्डा मात्र तुमच्या रुळाच्या उंचीने तुम्हीच करा.

आता विकत घ्यायच्या गोष्टी. ‘तयार’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या वस्तू मोडतात. हॉर्नबीची स्केलडेल किंवा बाखमनची सीनक्राफ्ट ही मालिका म्हणजे रेझिनमध्ये (ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) ओतलेल्या, रंगवून आलेल्या इमारती. खोक्यातून काढा आणि ठेवा. पण एक तर त्या तुमच्या मापाच्या नाहीत. एचओ आणि ओओ ही दोन्ही मापं 16.5 मिलिमीटरच्या रुळावर धावतात म्हणून गफलत होते. ओओ 1:76 आहे, तिथे तेच दार जवळपास 28 मिलिमीटरचं. खोक्यावरचं गुणोत्तर वाचल्याशिवाय काही उचलू नका. दुसरं म्हणजे रेझिनच्या भिंती जाड असतात, आत दिवा बसवायचा किंवा खिडकी हलवायची तर त्रास होतो. शिवाय अशा इमारती मर्यादित संख्येने काढल्या जातात. आज पाहिलेली पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

प्लास्टिकची किटं हा तुमच्यासाठी खरा सोयीचा मार्ग. फालर आणि आउहागेन या कंपन्या, वॉल्थर्सची कॉर्नरस्टोन मालिका यांत एचओचा भरपूर माल आहे आणि ती जोडताना जे शिकाल ते स्वतः बनवताना जसंच्या तसं कामी येतं. तोटा एवढाच की तेच घर जगभरच्या लेआउटवर दिसतं. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधली ती उतरत्या छपराची घरं तर इतकी पाहिलीत की आता ओळखीची झालीत. उपाय सोपा आहे: रंग बदला, धुराडं हलवा, मागची भिंत पुढे आणा, दोन किटांची छपरं अदलाबदल करा. आउहागेनकडे आणि डीपीएम या कंपनीकडे सुट्या भिंतींचे तुकडेही मिळतात, हव्या त्या लांबीला जोडता येणारे. तुमचं स्टेशन मी या तुकड्यांतूनच उभं केलं असतं. विटांचा उठाव त्यांचा, लांबी आपली. एचओमध्ये विटेचा एक थर जेमतेम एक मिलिमीटर येतो. तो हाताने कोरत बसायचा तर तो वेगळाच छंद आहे. इंग्लंडच्या पेंडन संग्रहालयात तशी पुठ्ठ्याची घरं आहेत, वीट न् वीट रंगवलेली, एकेका घरामागे शेकडो तास गेलेले. बघताना हात जोडावेसे वाटतात. पण तिथल्या लोकांना घरंच करायची होती. तुम्हाला, प्रश्नावरून वाटतं, गाडी चालवायची आहे.

छापील पुठ्ठ्याची किटंही असतात (मेटकाफ, सुपरक्विक), ती बहुतेक ओओ आणि एन या आणखी लहान मापात. एचओवाल्याला ती वापरायची तर मागच्या रांगेत ठेवून चालत नाही, कारण मोठ्या मापाची इमारत मागे गेली की अंतर उलट कमी भासतं. मागे लहान मापाची इमारत चालते. एनचं, म्हणजे 1:160 चं, एखादं घर बोर्डच्या अगदी मागच्या कडेला टेकडीवर ठेवलं तर टेकडी लांब जाते.

बनवायला काय वापरावं? पुठ्ठा कापता येतो म्हणता, तर त्यानेच सुरुवात करा. पण भिंती जोडण्याआधी कापलेल्या कडांवर रंगीत पेन्सिल फिरवा. कोपऱ्यातली पांढरी रेघ तीन फुटांवरून दिसते आणि नंतर झाकता येत नाही. हवेतल्या ओलाव्याने पुठ्ठा वाकतो, म्हणून आतून लाखेचं पातळ पॉलिश किंवा वार्निश द्यायचं आणि आडव्या-उभ्या पट्ट्या मारायच्या. हात बसला की स्टायरीनच्या (एका प्लास्टिकच्या) शीटकडे वळा. एक मिलिमीटरची शीट आरपार कापायची नसते. पट्टी धरून कटरने दोनदा रेघ मारली की ती वाकवून सरळ मोडते. पातळ सॉल्व्हंट ब्रशने सांध्याला लावलं की प्लास्टिक प्लास्टिकमध्ये विरघळून एकजीव होतं. दोन शीट एकमेकींवर चिकटवताना मात्र आतल्या शीटला चार-दोन भोकं पाडून ठेवा; अडकलेली वाफ बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर काही महिन्यांनी भिंत वाकते. कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचाच. डोळ्याच्या भरवशावर बसवलेला कोपरा छप्पर टाकताना दगा देतो.

हे सगळं करण्याआधी एक संध्याकाळ रिकाम्या खोक्यांना द्या. सगळ्या इमारतींचे ढोबळ ठोकळे पातळ पुठ्ठ्याचे करून बोर्डवर मांडा आणि आठवडाभर गाड्या चालवा. हात सांध्यांपर्यंत पोचतो का, मागचा रूळ दिसतो का, हे त्यातच कळतं. हमखास एक-दोन इमारती जास्त निघतात, त्यांचा खर्च वाचतो. पाठीमागची घरं मागपर्यंत पूर्ण बनवावीही लागत नाहीत. दर्शनी भिंत आणि दोन सेंटीमीटर छप्पर पुरे.

घेतलेलं आणि बनवलेलं शेजारी शेजारी परकं दिसेल ही तुमची भीती रास्त आहे, पण ते वेगळेपण बहुतेक वेळा चकाकीचं असतं. प्लास्टिक चमकतं, पुठ्ठा चमकत नाही. सगळ्यांवर एकच मॅट वार्निश, त्यावर एकाच करड्या-तपकिरी पातळ रंगाचा हात आणि थोडी खडूची पूड. भिंतीच्या तळाशी बोर्ड दिसणारी फट राहिली तर उत्तम किटही खेळण्यासारखं वाटतं, म्हणून पाया जमिनीत दोन मिलिमीटर बुडवा आणि कडेने माती, गवत भरा.

आणि छप्पर चिकटवू नका, कशाचंच. एलईडी आज ना उद्या बदलावा लागेल. भिंती आतून काळ्या रंगवा, नाहीतर दिवा लागल्यावर प्लास्टिक आरपार उजळतं; छप्पर आतल्या बाजूने चार पट्ट्यांवर नुसतं टेकू द्या. वायर खालून भोकातून काढून छोट्या प्लगने जोडली की पूर्ण इमारत उचलून टेबलावर घेता येते.