युरोपचा नकाशा: सुरुवात आल्प्सपासून करा
नद्यांची यादी पाठ करत बसू नका, दोन दिवसांत विसराल. कोरा नकाशा घ्या, आधी आल्प्स काढा. मग पाणी कुठे उतरतं ते बघा: ऱ्हाइन उत्तर समुद्राकडे, ऱ्होन भूमध्य समुद्राकडे, पो एड्रियाटिककडे. डॅन्यूब मात्र जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून काळ्या समुद्राला मिळते. वाटेत व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या लागतात. परीक्षकांचा लाडका प्रश्न! पण सर्वांत लांब नदी व्होल्गा, आणि ती कॅस्पियनला मिळते. सर्वोच्च शिखर म्हणून घाईने आल्प्समधलं माँ ब्लाँ लिहू नका. कॉकेशस पर्वत युरोपात धरला तर उत्तर त्यातलं एल्ब्रुस, ५६४२ मीटर. द्वीपकल्पं सोपी आहेत: दक्षिणेला आयबेरियन, इटालियन, बाल्कन, उत्तरेला स्कँडिनेव्हियन.