वाचकांचे प्रश्न : राष्ट्राध्यक्षांची लाकडी बोट खरंच वाचणार का?

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची 'सिकोया' नावाची यॉट म्हणे इतकी सडली होती की आत रॅकून (अमेरिकेतला मांजराएवढा जंगली प्राणी) राहत होते. एवढी ऐतिहासिक बोट या अवस्थेला आलीच कशी? आणि आता सगळं लाकूड बदलून ती जुनीच बोट कशी राहणार?

उत्तर : रॅकूनचं खरं आहे, आणि ते थेट कोर्टाच्या निकालात लिहिलेलं आहे. २०१६ मध्ये डेलावेअरच्या कोर्टात मालकीचा वाद मिटला तेव्हा न्यायाधीशांनी बोटीची अवस्था मांडली होती, व्हर्जिनियातल्या एका यार्डात पाण्याबाहेर, धड आधार नाही अशा चौकटीवर पडलेली आणि आत रॅकूनचा मुक्काम. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण ही बोट बांधली होती फार प्रेमाने.

१९२५ साली न्यू जर्सीतल्या कॅमडेनला मॅथिस कंपनीत ती तयार झाली, डिझाइन जॉन ट्रम्पी यांचं, लांबी १०४ फूट, ओकच्या फासळ्यांवर पिवळ्या पाइनच्या फळ्या. सुरुवातीला ती खाजगीच होती, मग १९३१ मध्ये अमेरिकन सरकारच्या वाणिज्य खात्याने घेतली आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर तिच्यावर जायला लागले. पुढे १९३३ मध्ये नौदलात आली. केनेडींचा ४६ वा म्हणजे शेवटचा वाढदिवस २९ मे १९६३ ला याच बोटीवर झाला, निक्सन यांनी १९७३ मध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हना हिच्यावरून वॉशिंग्टनच्या नदीत फिरवलं. व्हाइट हाऊसपासून बोट जवळ, एकदा नदीत गेलं की उठून जायची सोय नाही, त्यामुळे माणसं टेबलाशी बसून बोलायची, हाच तिचा खरा उपयोग होता असं मला वाटतं.

१९७७ मध्ये कार्टर यांनी काटकसर म्हणून ती लिलावात काढली, २,८६,००० डॉलर आले. विकली यात मला चूक दिसत नाही, खर्च होताच. पण विकताना देखभालीची पक्की सोय लावायला हवी होती ती लागली नाही. १९८७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला तेव्हा लोकांना वाटलं आता सुटली, पण त्या दर्जामुळे खाजगी मालकाला डागडुजी करायची सक्ती होत नाही, पाटी लागते आणि बोट तशीच कुजत राहू शकते. नंतर मालक बदलत गेले, कर्जाचा वाद कोर्टात गेला, आणि कोर्टात तारखा पडत असताना लाकूड थांबत नाही ना.

लाकडी बोट सडते ती समुद्राच्या पाण्याने असं बहुतेकांना वाटतं, पण खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. खारं पाणी कुजवणाऱ्या बुरशीला आवरून धरतं, उलट डेकच्या फटीतून झिरपलेला पाऊस आत साचला आणि हवा खेळली नाही की फासळ्या आतून भुसभुशीत होतात, वरून रंग मात्र छान दिसतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा त्रास समुद्रात असतो, तो वेगळा. आणि बोट पाण्याबाहेर ठेवली तर फळ्या वाळून आकसतात, सांधे उघडतात. त्यात आधार नीट नसेल तर कणा, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, वाकतो, आणि कणा वाकला की प्रत्येक फळीवर चुकीचा ताण.

म्हणून २०१९ मध्ये तिला बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, चढवून मेन राज्यातल्या बेलफास्टला नेलं, तिथे फ्रेंच अँड वेब ही लाकडी बोटींची कारागीर मंडळी आहेत. असं काम सुरू होतं मापापासून. वाकलेल्या बोटीवरून माप घेऊन चालत नाही, मूळ आकार आधी कागदावर परत मिळवावा लागतो, मगच कणा, मग फासळ्या, मग फळ्या, शेवटी फटीत कापूस ठासून पाणी अडवायचं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, ती जुनीच कशी. माझं मत स्पष्ट आहे, हो, जुनीच. लाकडी बोटीची फळी बदलणं ही दुरुस्ती नसून तिची नेहमीची निगा आहे, नौदलात असताना सुद्धा बदलल्याच असणार. टिकवायचा असतो तो ट्रम्पींनी आखलेला आकार, तशाच जातीचं लाकूड, तशीच जोडणी. वरच्या केबिनमधलं जे लाकूड चांगलं आहे ते मात्र काढून टाकू नये, माणसांचे हात त्यालाच लागलेत. फायबरचा साचा करून वर जुनी पाटी ठोकली तर मी तिला सिकोया म्हणणार नाही.

प्रश्न : अशी दुसरी कुठली बोट पूर्ण वाचली आहे का, जी आत जाऊन बघता येते?

उत्तर : आहे की, 'पोटोमॅक'. ही १९३४ ची, तटरक्षक दलाची 'इलेक्ट्रा' म्हणून बांधलेली, १६५ फूट आणि पोलादी. रूझवेल्टना पोलिओमुळे चालता येत नव्हतं आणि आगीची फार भीती, लाकडी सिकोयावर आग लागली तर पळणार कसे, म्हणून १९३६ पासून ही घेतली. हिच्यावर एक खोटं धुरांडं आहे, आत लिफ्ट, दोरी स्वतः हाताने ओढून ते वरच्या डेकवर जायचे. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ते चर्चिलना भेटायला गुपचूप दुसऱ्या जहाजावर गेले आणि लोकांना मात्र पोटोमॅक मासेमारीची सहल करताना दिसत राहिली.

पुढे हिचेही हाल झाले. १९६४ मध्ये गायक एल्व्हिस प्रेस्लीने ५५,००० डॉलरला घेऊन सेंट ज्यूड हॉस्पिटलला दान केली, १९८० मध्ये ड्रग्जच्या तस्करीत सॅन फ्रान्सिस्कोला जप्त झाली, १९८१ मध्ये ट्रेझर आयलंडजवळ चक्क बुडाली. नौदलाने वर काढली, ओकलंड बंदराने १५,००० डॉलरला घेतली, आणि सुमारे १२ वर्षं आणि ५० लाख डॉलर घालून ती उभी केली. १९९५ पासून लोकांसाठी खुली आहे, ओकलंडच्या जॅक लंडन स्क्वेअरला. बुडून सुद्धा वाचली कारण पोलाद गंजलं तरी तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो, आणि बंदराची संस्था हट्टाने मागे लागली.

प्रश्न : सिकोयावर पण लिफ्ट होती ना?

उत्तर : होती, रूझवेल्टसाठीच बसवलेली. जॉन्सन यांनी ती काढून तिथे बार केला.