'झाइस' की 'त्साइस'? आणि भिंगावरचं 'आउस येना'

एका वाचकाचा प्रश्न असा: "वडिलांच्या कपाटात जुना जर्मन कॅमेरा सापडला. भिंगाच्या कड्यावर 'आउस येना' आणि पुढे नुसतं 'टी' कोरलंय. दुरुस्तीवाले म्हणतात, हे कार्ल झाइस या जर्मन कंपनीचंच भिंग. मग त्यावर नाव का नाही? आणि कुणी झाइस म्हणतं, कुणी त्साइस, त्यातलं बरोबर काय?"

आधी उच्चार. जर्मन शब्दाच्या सुरुवातीला झेड आला की त्याचा 'त्स' होतो, म्हणून मूळ नाव त्साइस. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दारंभी हा ध्वनी जमत नाही. त्यांनी झाइस केलं आणि आपण ते इंग्रजीतून उचललं. पण मराठी जिभेला हा ध्वनी मुळीच परका नाही! चाक, चूल, चोर यांतला दंत्य च तोच. 'चाक' म्हणता म्हणता 'क' सोडून 'इस' म्हणा, की अगदी जर्मन उच्चार झाला. अडचण आहे ती लिपीची. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, त्यामुळे 'चाइस' लिहिलं तर कोण कसं वाचेल सांगता येत नाही. म्हणून मी 'त्साइस' लिहितो. 'झाइस' इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणार नाही, पण जो ध्वनी आपल्या घरातच आहे तो इंग्रजीकडून बदलून का घ्यायचा?

'लाइका' या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्याच्या नावाच्या पोटातही हाच च आहे. लाइत्स हे कंपनीचं नाव, त्याला 'कॅमेरा' जोडून 'लाइका' झालं. त्यांचं गाव वेत्सलार, तिथेही तोच.

आता 'आउस येना'. जर्मन जेचा उच्चार य होतो, म्हणून जेना नव्हे, येना. आणि 'आउस' हे कुणाचं नाव नाही. ते आपल्या 'हून' प्रत्ययाचं काम करतं. आपण 'पुण्याहून' म्हणतो तसं 'येनाहून'. म्हणजे भिंगावर कंपनीच्या नावाऐवजी फक्त गाव सांगितलंय. असं का करावं लागलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

कार्ल त्साइसने १८४६मध्ये येनाला कार्यशाळा काढली. पुढे शंभर वर्षं त्साइस म्हणजे येना असंच समीकरण होतं. १९४५च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येनाला पोचलं. पण दोस्तांच्या वाटणीत तो भाग सोव्हिएतांकडे जायचा होता. तेव्हा निघताना अमेरिकनांनी ऐंशीच्या आसपास निवडक माणसं पश्चिमेला हलवली आणि त्यांनी ओबरकोखेनला नवा कारखाना उभारला. येनातली बरीचशी यंत्रं सोव्हिएतांनी सुटी करून नेली, तरी मागे राहिलेल्या कामगारांनी काम पुन्हा सुरू केलं. एका घराची अशी दोन घरं झाली, आणि दोन्ही दारांवर त्साइसचीच पाटी.

मग नावासाठी अनेक देशांत खटले चालले. १९७१मध्ये लंडनला समझोता झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून भिंग कोणत्या देशात विकायचं यावर कड्यावरची अक्षरं ठरत होती. पूर्वेकडच्या देशांत येनाची भिंगं 'कार्ल त्साइस येना' म्हणून जात आणि पश्चिमेच्या भिंगांना 'ओप्टोन' व्हावं लागे. पश्चिम जर्मनीसारख्या बाजारात उलट स्थिती. तिथे 'त्साइस' ओबरकोखेनचं, आणि येनावाल्यांना 'आउस येना' किंवा 'येनोप्टिक'वर भागवावं लागे. भिंगाच्या रचनेचं नावसुद्धा पूर्ण लिहिता येत नसे, नुसतं आद्याक्षर. टेसारचा टी, बिओटारचा बी, झोनारचा एस (जर्मन एसचा उच्चार इथे झ होतो). तुमच्या कड्यावरचा टी तो हाच, टेसारचा.

हा टेसार शब्दही मोठा गोड आहे. पाउल रुडोल्फने १९०२मध्ये केलेल्या या रचनेत चार काचा असतात, मागच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या. ग्रीकमध्ये चारला 'टेसारेस' म्हणतात, त्यावरून नाव पडलं. आणि हा टेसारेस आपल्या 'चत्वारः'चा, म्हणजे 'चार'चा सख्खा भाऊबंद, एकाच मूळ संख्यावाचकातून आलेला. म्हणजे तुमच्या भिंगाला मराठीत खुशाल 'चौ-काची' म्हणावं.

एक घोटाळा मात्र टाळा. जुन्या भिंगांवर कधी तांबडा टी दिसतो. तो टेसारचा नाही. काचेवरून प्रकाश परावर्तित होऊन वाया जाऊ नये म्हणून त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५मध्ये जो पातळ लेप काढला, त्याची ती खूण. कड्यावर 'टेसार' पूर्ण लिहिलेलं असून शेजारी तांबडा टी असेल तर तो लेपाचा. नावच नसून नुसता टी असेल तर तो टेसारचा.

अशी कापून-जोडून केलेली नावं त्या काळात आणखीही सापडतात. ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याला परदेशी बाजारात ते नाव वापरता येईना, तेव्हा पेंटाप्रिझ्म, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा लोलक, त्यातलं 'पेंटा' आणि कॉन्टॅक्समधलं 'कॉन' जुळवून 'पेंटाकॉन' केलं. कॉन्टॅक्सच्या जुन्या, युद्धापूर्वीच्या नमुन्याची सामग्री कीवला गेली आणि तिथे तोच कॅमेरा 'कीव' नावाने निघाला. त्यावरचं 'युपिटर' भिंग म्हणजे रचनेने झोनारच.

तेव्हा तुमचे दुरुस्तीवाले बरोबर सांगतात. भिंग त्साइसचंच आहे, येनाच्या घरातलं. दोन्ही घरं १९९१मध्ये पुन्हा एक झाली, आणि 'येनोप्टिक' नावाची वेगळी कंपनी आजही येनात आहे. कड्यावर जो क्रमांक कोरलेला असेल तो आणि मागे 'डीडीआर' अशी अक्षरं आहेत का, ते कळवा. असतील तर ती पूर्व जर्मनीची खूण.