सगळे मेनिंजायटिस जी०० या कोडमध्ये का बसत नाहीत?

तुम्ही फोंड्याच्या इस्पितळात रेकॉर्डला नवीन आहात आणि क्षयाच्या मेनिंजायटिसला (मेंदूच्या आवरणाची सूज) जी००.९ हा कोड लावला म्हणून केस परत आली, असं प्रश्नात म्हणता. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, मेनिंजायटिस एका जागी नाहीच. तो कोणत्या जंतूमुळे झाला, त्यावर प्रकरण ठरतं.

जी०० म्हणजे दुसरीकडे न मोडणारा बॅक्टेरियल मेनिंजायटिस. न्यूमोकोकस जंतूचा जी००.१ इथे येतो. पण मेनिंगोकोकसचा जातो ए३९.० ला, व्हायरल ए८७ ला. क्षयाचा ए१७.० आणि त्याच्या जोडीला जी०१. ए१७.० वर खंजिराची खूण असते, म्हणजे मूळ आजार; जी०१ वर तारा, म्हणजे तो आजार शरीरात कुठे दिसला ते. तारावाला कोड एकटा कधीच लावायचा नाही. माझ्या मते नवख्यांची निम्मी गोची इथेच होते.

आपल्याकडे पावसाळ्यात शेतात उतरलेल्या माणसाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तो ए२७ खाली शोधा. सत्तरी तालुक्यातला माकडताप ए९८.२, त्याचाही ताप कधी मेंदूपर्यंत जातो. म्हणून 'मान आखडली' एवढ्यावरून कोड ठरवू नका, पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट बघा.

आणि डॉक्टरांनी नुसतं 'मेनिंजायटिस' लिहिलं असेल तर? रिपोर्ट हातात घेऊन जाऊन विचारा. जंतू आपल्या मनाने ठरवायचा नाही. डॉक्टर ओपीडीत वैतागतील, वैतागू देत. उत्तर नाहीच मिळालं तर जी०३.९, म्हणजे कारण न नोंदवलेला मेनिंजायटिस.