माजी सैनिक, व्हायरलनंतरचा थकवा आणि "व्यायाम करू की नको?"

"मॅडम, सगळे म्हणतात हालचाल करा म्हणजे बरं वाटेल, मी केली की दोन दिवस आडवा. मग करू काय?" कोविड येऊन गेल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या त्रासाबद्दल हा प्रश्न मला सतत येतो, आणि माजी सैनिकांकडून तो आला की मी जास्त सावध होते, कारण अंगात कळ असली तरी पुढे जायचं हे त्यांच्यात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि या आजारात नेमकं तेच नडतं.

त्यातलेच एक. रिपोर्ट सगळे नॉर्मल, पण जिना चढला की धाप, डोकं जड, झोप झाली तरी थकवा. बरं वाटलं की पहाटे उठून पळायला जायचे, मग कोसळायचे, मग स्वतःवरच चिडायचे. मी त्यांना फक्त रोजची नोंद ठेवायला सांगितलं. फौजी माणूस, वही एकदम चोख.

"बुधवारी काय झालं?"
"उठवेना. अंग मोडून आल्यासारखं."
"मंगळवारी काय केलं होतं?"
"काही नाही, आरामच."
"आणि सोमवारी?"
बराच वेळ वहीकडे बघत बसले. "सोमवारी तर मी मस्त होतो, पळून आलो होतो." मग मागची पानं चाळायला लागले, तिथेही तेच. "म्हणजे मार सोमवारी बसतो आणि दुखतं बुधवारी!"

हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. श्रमानंतरची ही घसरण बऱ्याचदा १२ ते ७२ तासांनी येते, म्हणून तर माणसाला कारण सापडत नाही. पण स्वतःच्या अक्षरात दिसलेलं पटतं, माझ्या तोंडून ऐकलेलं नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

तरी खरी गाठ पुढेच होती. "थांबलो तर हरलो असं वाटतं."
"तुमच्या हाताखालचा जवान आजारी पडला असता तर?"
"लाइट ड्युटी दिली असती."
"तो भेकड ठरला असता का?"
"छे! आजारी आहे तो."
"मग तुम्हालाच वेगळा कायदा का?"
काही बोलले नाहीत, पण डोळे भरून आले. मी विवेकनिष्ठ विचार मानणारी आहे, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त त्रास देतो असं मानणारी. थकवा त्रास देतोच पण 'मला थकवा येताच कामा नये' हा हट्ट त्याच्या दुप्पट त्रास देतो, आणि त्या दिवशी त्यांचा तो हट्ट सैल झाला, मला आजही त्याचं समाधान आहे.

आता तुमच्यासाठी. व्यायाम वाईट नाहीये. ब्रिटनमधल्या २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात हॉस्पिटलमधून घरी आलेल्या कोविड पेशंटना ८ आठवडे ऑनलाइन, देखरेखीखाली व्यायाम आणि मानसिक आधार दिला तर जगणं सुधारलेलं दिसलं. पण श्रमानंतर कोसळणाऱ्यांना 'दर आठवड्याला वाढवत न्या' हा नियम लावू नका. अशाच लक्षणांच्या एमई/सीएफएस या दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजारासाठी, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरलेल्या पायऱ्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नका असंच सांगितलंय. आधी डॉक्टरांकडून हृदय आणि ऑक्सिजन तपासून घ्या, मग फिजिओथेरपिस्टसोबत झोपून किंवा बसून करायच्या हालचाली, श्रम ६ ते २० च्या बोर्ग स्केलवर (किती दमल्यासारखं वाटतंय ते आपणच आकड्यात सांगायची पट्टी) ११ च्या खाली, म्हणजे आरामात बोलता येईल इतपतच. अजून करावंसं वाटत असतानाच थांबायचं. पुढचे दोन-तीन दिवस शांत गेले तरच तेवढंच परत करायचं, वाढवायची घाई नको. आणि हो, आंघोळ, भांडण, लांबलेला फोन, हिशोबाचं काम हेही श्रमातच धरा, घरच्यांना हे कळतच नाही आणि 'तू तर फौजी ना' म्हणून ढकलतात, कृपा करून तसं म्हणू नका.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, उभं राहिलं की धडधड वाढणं असं काही असेल तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा आणि जाताना ती वही सोबत न्या. 'थकवा येतो' एवढं सांगून भागत नाही, कधी काय केलं आणि कितव्या दिवशी कोसळलो हे तारखेसकट दाखवा.